मेतकूट, मैत्रीण आणि मनी

नातं तुटलं, त्यानंतरचे तीन दिवस मी काय खाल्लं ते आठवत नाही. चौथ्या रात्री मेतकूट-भात खाल्ला, हे मात्र पक्कं आठवतं.

पुण्याहून शेवटच्या एसटीने वाईला घरी आले होते. आईला काही सांगण्याचा प्रश्नच नव्हता. साडेचार वर्षांचं नातंच तिला ठाऊक नव्हतं, तर ते तुटल्याचं काय सांगणार? तिने माझ्या तोंडाकडे एकदा पाहिलं आणि "पोट बिघडलंय का गं?" एवढंच विचारलं. मी हो म्हणाले. तिने मूठभर तांदूळ भरपूर पाण्यात शिजत घातले, गुरगुट्या भात केला, ताटलीत वाढून मधोमध खळगा केला, त्यात तूप सोडलं आणि मेतकुटाच्या डब्याचं झाकण उघडलं. भाजलेल्या डाळी, तांदूळ, गहू, धने-जिरे, मेथी, हिंग, हळद, सुंठ. त्या पिवळ्या पुडीचा वास नाकात शिरला आणि पहिल्याच घासाला डोळे वाहायला लागले. आई म्हणाली, "कढत आहे का? थांब, फुंकर घालते." आणि २९ वर्षांच्या मुलीच्या ताटलीवर तिने खरोखर फुंकर घातली.

त्या रात्री मला झोप लागली. पुढच्या काही महिन्यांत जरा सावरल्यावर मी एका प्रश्नाच्या मागे लागले. इतक्या मोठ्या दुःखात इतक्या साध्या गोष्टी का उपयोगी पडतात? लहानपणीचं खाणं, जुनी पुस्तकं, शाळेतली मैत्रीण, घरातली मांजर यांत त्या माणसाची जागा भरून काढणारं काहीच नाही. तरी हात तिकडेच का जातो?

आधी दुखतं ते नेमकं काय, हे बघावं लागतं. हेलन फिशर या अमेरिकी मानववंशशास्त्रज्ञ बाईंनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१० साली एक अभ्यास प्रसिद्ध केला. नुकताच नकार मिळालेल्या, पण प्रेम अजून न सुटलेल्या १५ जणांना मेंदूचा स्कॅन चालू असताना त्या व्यक्तीचा फोटो दाखवला. फोटो बघताच मेंदूचे जे भाग जागे झाले, त्यांत कोकेनच्या तलफेत जागे होणारे भाग होते. डोपामाइन नावाचं रसायन जिथून वाहतं, ती ही यंत्रणा. हवंहवंसं काहीतरी मिळवायला माणसाला पळवणं हे तिचं काम, आणि ते न मिळाल्यावर ती लगेच थंडावत नाही. रात्री दोन वाजता फोन उचलून त्याचा डीपी बदलला का ते बघणारा हात हा तलफ लागलेल्या माणसाचा हात असतो. मला हे वाचून फार हलकं वाटलं होतं. तोवर मी त्याला माझा कमकुवतपणा समजत होते.

दुसरा अभ्यास ईथन क्रॉस यांचा, २०११ सालचा. सहा महिन्यांच्या आत मनाविरुद्ध ब्रेकअप झालेले ४० जण. कधी त्यांना फोटो दाखवला, तर कधी हाताला सोसवेल इतका चटका दिला. दोन्ही वेळी मेंदूतले काही भाग सारखेच उजळले. त्यानंतर "मनाची वेदना आणि शरीराची वेदना एकच" असं सगळीकडे छापून आलं, पण ते अर्धंच खरं. २०१४ मध्ये याच माहितीचं आणखी बारकाईने विश्लेषण झालं, तेव्हा भाग तेच असले तरी त्यांच्यातल्या हालचालीची नक्षी वेगळी असल्याचं दिसलं. म्हणजे मेंदूला चटका आणि नकार यांतला फरक कळतो. पण नोंद तो दोन्हींची घेतो. "छातीत दुखतंय" हे आपण उगाच म्हणत नाही. जबर मानसिक धक्क्याने हृदयाचा डावा कप्पा तात्पुरता फुगून मडक्यासारखा दिसतो, असा एक आजारही आहे. जपानी डॉक्टरांनी १९९० च्या सुमारास त्याची नोंद केली आणि त्याला 'ताकोत्सुबो' म्हटलं. हे ऑक्टोपस पकडायच्या मडक्याचं जपानी नाव.

आता आपल्याकडची गोष्ट. घरात कोणी गेलं की शेजारून पिठलं-भात येतो. तेरा दिवस माणसं येत-जात राहतात, दहावं-तेरावं होतं, कोणी रडलं तर पाठीवरून हात फिरतो. दुःखाला दिवस नेमून दिलेले असतात आणि ते दिवस सगळे मिळून पार पाडतात. ब्रेकअपला यातलं काहीच नाही. आपल्या मध्यमवर्गीय घरांत तर ते नातं पुष्कळदा लपवलेलंच असतं. मुलगी आतून मोडलेली असते आणि आत्या चहा पिताना सांगत असते, "साताऱ्याचं एक चांगलं स्थळ आलंय." केनेथ डोका या अमेरिकी अभ्यासकाने १९८० च्या दशकात अशा दुःखाचा विचार मांडला. समाज ज्याला दुःखच मानत नाही, उघडपणे करू देत नाही, असं दुःख. म्हणून ते निवत नाही, आत कोंडून राहतं. मला वाटतं, अशा वेळी आपण ज्या जुन्या गोष्टींकडे वळतो, त्या न नेमलेल्या विधीसारख्या काम करतात. मेतकूट-भात हा माझ्याकडे आलेला पिठलं-भातच होता. फक्त वाढणारीला ते माहीत नव्हतं.

पण सगळ्यात उलगडा झाला तो एरिका स्लॉटर आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या कामाने. २०१० च्या या अभ्यासात त्यांनी ब्रेकअपनंतर माणसाचं स्वतःविषयीचं चित्र कसं बदलतं हे पाहिलं. 'मी कोण' या प्रश्नाचं उत्तर लहान होतं, धूसर होतं, आणि जितकं धूसर तितका त्रास जास्त, असं त्यांना आढळलं. जवळच्या नात्यात आपण दुसऱ्याच्या सवयी, आवडी, मतं, माणसं आपल्यात सामावून घेतो. तो गेला की त्याच्यासोबत आपलाही तेवढा भाग सुटून जातो. मला हे अगदी क्षुल्लक गोष्टीत जाणवलं होतं. रविवारी पहाटे उठून वेताळ टेकडीवर जायला मला आवडतं की त्याला आवडायचं म्हणून मी जायचे? चहात आलं मला हवं असतं की त्याला? उत्तर येईना. चहाचं आधण उकळून आटलं तरी मी किसणी हातात धरून उभी.

तिथे लहानपण उपयोगी पडतं. ते त्या नात्याच्या आधीचं असतं.

वासाचं उदाहरण घ्या. बाकीच्या इंद्रियांचे संदेश मेंदूत आधी थॅलॅमस नावाच्या केंद्रात जातात आणि तिथून पुढे वाटले जातात. वासाचा संदेश तिथे न थांबता थेट भावना आणि आठवणी सांभाळणाऱ्या भागांशी जाऊन भिडतो. स्वीडनमध्ये विलँडर आणि लार्सन यांनी २००६ मध्ये ज्येष्ठ माणसांना शब्द, चित्रं आणि वास देऊन आठवणी सांगायला लावल्या. शब्द आणि चित्रांनी आलेल्या आठवणी जास्त करून दहा ते वीस या वयातल्या होत्या, तर वासाने आलेल्या दहा वर्षांच्या आतल्या. मेतकुटाचा डबा उघडला तेव्हा मी साडेचार वर्षांचं नातं ओलांडून थेट गोवर आलेल्या सहा वर्षांच्या मुलीपाशी पोचले होते. तिला आपण कोण आहोत हे बरोबर माहीत होतं.

इथे एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी. खाण्यानेच बरं वाटतं असं मात्र नाही. अमेरिकेत हेदर वॅग्नर, ट्रेसी मॅन आणि सहकाऱ्यांनी २०१४ मध्ये लोकांना मन खराब करणारी दृश्यं दाखवली. मग काहींना त्यांचं आवडतं 'दिलासा देणारं' खाणं दिलं, काहींना दुसरं काही, काहींना काहीच नाही. थोड्या वेळाने सगळ्यांचीच मनःस्थिती सारखी सुधारली. दुसरीकडे जॉर्डन ट्रॉइसी आणि शिरा गेब्रियल यांच्या २०११ च्या अभ्यासात असं दिसलं की अशा पदार्थांची नाळ माणसांशी जुळलेली असते. ज्यांना जवळच्या नात्यांत सुरक्षित वाटत होतं, त्यांचा एकटेपणा त्या पदार्थाच्या नुसत्या आठवणीनेही कमी झाला. मला यात विरोध दिसत नाही. आइस्क्रीमचा डबा एकटीने संपवून मला एकदाही बरं वाटलं नाही. मेतकुटात जे होतं ते फुंकर होती.

मेतकूट-भात खाल्ला त्याच्या दुसऱ्या दिवशी मी माळ्यावरची ट्रंक खाली काढली. 'किशोर'चे जुने अंक, कव्हर फाटलेला 'चांदोबा', आणि भा. रा. भागवतांच्या फास्टर फेणेची पुस्तकं. फुरसुंगीचा बनेश फेणे सायकलवर टांग मारून कुठल्या लफड्यात पडणार आणि कसा सुटणार, हे मला पाठ होतं. पाठ होतं म्हणूनच वाचवत होतं. नवं पुस्तक दोन पानांच्या पुढे जात नव्हतं. जे डेरिक या मानसशास्त्रज्ञ बाईंनी दाखवलंय की मन थकलेलं असताना माणूस ओळखीच्या कथेकडे, आधी पाहिलेल्या मालिकेकडे वळतो आणि तिथे थोडा वेळ घालवल्यावर त्याचा मनावरचा ताबा पुन्हा बळावतो. तिथे कुणाला खूश ठेवायचं नसतं, कुणी सोडून जाईल ही धास्ती नसते. शेवट ठरलेला असतो. ज्याच्या आयुष्यातला शेवट नुकताच अचानक झालाय, त्याला याचं मोल विचारा.

याला आपण स्मरणरंजन म्हणतो. हा शब्द मला आवडतो, कारण त्यात रंजन आहे. युरोपातल्या शब्दात दुखणं आहे. १६८८ साली बाझेलमध्ये योहानेस होफर या वैद्यकीच्या विद्यार्थ्याने आपल्या प्रबंधासाठी 'नोस्टॅल्जिया' हा शब्द घडवला. ग्रीक 'नोस्तोस' म्हणजे घरी परतणं आणि 'अल्गोस' म्हणजे वेदना. घरापासून दूर गेलेले स्विस तरुण झुरत, खाणं सोडत, आणि डॉक्टर त्याला आजार समजत. तो आजार नसून आजारावरचा शरीराचा स्वतःचा उतारा असावा, हे कळायला तीनशेहून जास्त वर्षं गेली. इंग्लंडमधल्या साउथॅम्प्टन विद्यापीठात टिम विल्डशट आणि कॉन्स्टंटीन सेडिकिडीस यांनी २००६ पासून प्रयोग केले. एकटेपणाने आणि खिन्नतेने जुन्या आठवणी चाळवतात, आणि त्या आठवणींमुळे आपल्यावर प्रेम करणारी माणसं आहेत ही जाणीव परत येते.

आपल्याला हे प्रयोगाविनाही ठाऊक होतं, असं मला 'श्यामची आई'मुळे वाटतं. साने गुरुजींनी ते पुस्तक १९३३ च्या फेब्रुवारीत नाशिकच्या तुरुंगात लिहिलं. आई जाऊन तेव्हा १५ वर्षं उलटली होती. बाहेर अंधार, आत भिंती, आणि त्या माणसाने कोकणातलं लहानपण ४२ रात्रींत मांडलं. लक्षात घेण्यासारखी गोष्ट ही की पुस्तकातला श्याम एकटा बसून आठवत नाही. तो रोज रात्री मित्रांना सांगतो.

म्हणून मित्रांकडे येते. घरी येऊन आठवडा झाला तेव्हा माझी शाळेतली मैत्रीण दारात उभी राहिली. तिला फोनवर एवढंच कळवलं होतं, "संपलं." ती आत आली नाही. म्हणाली, "चल, चप्पल घाल." आम्ही गणपती घाटावर जाऊन बसलो. कृष्णेला पाणी कमी होतं, पलीकडे कोणीतरी गोधड्या धूत होतं, दगडावर आपटल्याचा धप्प आवाज जरा उशिराने ऐकू यायचा. तिने काही विचारलं नाही. तिच्या सासऱ्यांच्या मोतीबिंदूचं सांगितलं, वर्गातल्या एका मुलाचं सांगितलं. पाऊण तासाने मी आपणहून बोलायला लागले. तिने माझा हात धरून ठेवला आणि ऐकलं.

हात धरण्यावरही अभ्यास आहे. जेम्स कोन यांनी २००६ मध्ये १६ विवाहित स्त्रियांना "आता विजेचा हलका झटका बसू शकतो" असं सांगून त्यांचा मेंदू तपासला. नवऱ्याचा हात हातात असताना धोक्याला प्रतिसाद देणारे भाग बरेच शांत राहिले. अनोळखी माणसाचा हात असतानाही थोडा फरक पडला. संकट तेच असतं, मेंदू मात्र भाराची वाटणी करतो.

पण मैत्रिणीशी बोलण्यातही एक खड्डा आहे आणि मी त्यात पडलेय. पुण्यातल्या दोघींशी मी रोज रात्री दोन-दोन तास बोलत होते. तो असं का म्हणाला, त्या मेसेजचा अर्थ काय, त्याच्या नव्या फोटोत ती कोण. फोन ठेवला की आधीपेक्षा वाईट वाटायचं. तेच तेच उगाळत बसण्याच्या या सवयीवर अमांडा रोझ यांनी २००२ मध्ये शाळकरी मुलामुलींत अभ्यास केला. अशा बोलण्याने मैत्री घट्ट होते आणि उदासीही वाढते, असं त्यांना दिसलं. याउलट २०१५ मधल्या लार्सन आणि स्बारा यांच्या अभ्यासात ब्रेकअप झालेल्या तरुणांना नऊ आठवड्यांत अनेकदा बोलावून अनुभवाबद्दल विचारलं गेलं. फक्त सुरुवातीला आणि शेवटी बोलावलेल्यांपेक्षा हे तरुण जास्त सावरले, आणि त्याचं एक कारण 'मी कोण' हे त्यांना पुन्हा स्पष्ट दिसू लागलं हे होतं. फरक मला असा कळतो. सांगताना आपण स्वतःकडे बघतो आणि उगाळताना त्याच्याकडे. घाटावरची मैत्रीण मला सातवीपासून ओळखते. माझं बोलणं संपल्यावर आम्ही घाटावरून उठून टपरीवर गेलो, तेव्हा ती म्हणाली, "तू तर चहात आलं घातलेलं कधीच पीत नव्हतीस." मी तिला किसणीचं काही सांगितलं नव्हतं.

आता मनी. ही आमची मांजर, पांढरी, पाठीवर भुरा डाग, शेपटीचं टोक कधीतरी दारात चिमटून वाकडं झालेलं. ती मुळात शेजारच्या वाड्यातली, आमच्याकडे दुधासाठी येऊन राहिलेली. मी घरी असताना ती रोज पहाटे पावणेसहाला पायाशी येऊन नखांनी पांघरूण ओढायची. उठून दूध द्यावंच लागे. ज्या दिवसांत मला अंघोळीसाठी उठणंही जड होतं, त्या दिवसांत मी मनीसाठी पावणेसहाला उठत होते. मग ती दूध पिऊन मांडीवर यायची आणि गुरगुरायला लागायची. ती थरथर मांडीतून पोटापर्यंत जाणवते. आपला श्वास नकळत तिच्या तालावर येतो.

वॉशिंग्टन स्टेट विद्यापीठात २०१९ मध्ये २४९ विद्यार्थ्यांवर केलेला एक साधा प्रयोग आहे. काहींनी दहा मिनिटं कुत्र्या-मांजरांना कुरवाळलं, काहींनी रांगेत उभं राहून ते नुसतं पाहिलं, काहींनी प्राण्यांची चित्रं पाहिली. लाळेतलं कॉर्टिसॉल, म्हणजे ताणाशी जोडलेलं संप्रेरक, कुरवाळणाऱ्यांमध्ये सर्वांत कमी झालं. हात लावायलाच हवा. कुत्र्यांचं तर आणखी पुढचं आहे. जपानमध्ये नागासावा आणि सहकाऱ्यांनी २०१५ मध्ये दाखवलं की कुत्रा आणि मालक एकमेकांच्या डोळ्यांत बघत राहिले की दोघांमध्येही ऑक्सिटोसिन वाढतं. आई आणि तान्ह्या बाळाला बांधणारं हेच रसायन. माणसांनी वाढवलेल्या लांडग्यांत तसं घडलं नाही. हजारो वर्षं माणसाच्या चुलीजवळ बसून कुत्र्याने हे कमावलंय. पण प्राण्यांचा खरा आधार मला वेगळाच वाटतो. मनीला माझी कहाणी माहीत नव्हती. तिच्या डोळ्यांत कीव नव्हती, प्रश्न नव्हता, स्थळ नव्हतं.

मात्र ब्रेकअप झालं म्हणून त्या आठवड्यात कुत्र्याचं पिल्लू घरी आणू नका, हे कळकळीने सांगते. मांजर पंधरा वर्षं जगते, कुत्रा दहा-बारा. आपलं दुःख त्याच्या आधी सरतं आणि मग ते जनावर गॅलरीत बांधलेलं राहतं. मैत्रिणीचा कुत्रा फिरवायला न्या, सोसायटीतल्या मांजरींना रोज ठरल्या वेळी खायला घाला, गावी गेलात तर गोठ्यात जाऊन गाईला मानेखाली खाजवा. तेवढं पुरतं.

आणि यातल्या कशानेच काही होत नसेल, आठवडे उलटले तरी झोप-भूक परतत नसेल, किंवा जगणं नको असं मनात येत असेल, तर मेतकूट आणि मांजर यांच्या भरवशावर राहू नये. भारत सरकारची टेलि-मानस ही मोफत सेवा १४४१६ या क्रमांकावर दिवसरात्र चालू असते आणि तिथे मराठीत बोलता येतं. बाकीच्यांसाठी एक दिलासा ईस्टविक आणि फिंकेल यांच्या २००८ च्या अभ्यासात आहे. प्रेमात असलेल्या विद्यार्थ्यांना त्यांनी आधीच विचारलं होतं, तुटलं तर किती त्रास होईल? पुढे ज्यांचं तुटलं त्यांना प्रत्यक्षात झालेला त्रास अंदाजापेक्षा कमी होता.

मी वाईत सहा आठवडे राहिले. रात्री आजीची गोधडी घ्यायचे. तिच्या दोन जुन्या लुगड्यांची, आत विटलेले पंचे भरलेले, धावदोऱ्याच्या ओळी हाताला लागतात अशी. डोनाल्ड विनिकॉट या इंग्रज बालरोगतज्ज्ञाने १९५० च्या आसपास लहान मुलं बिलगून झोपतात अशा चिंध्यांकडे गंभीरपणे पाहिलं. आई जवळ नसताना तिच्या असण्याची जागा धरून ठेवणारी वस्तू असं काहीसं तो म्हणतो. मूल मोठं झालं की ती वस्तू विसरली जात नाही आणि तिच्यासाठी रडूही येत नाही; ती नुसती बाजूला पडते.

मार्चअखेर पुण्याला परत जायला निघाले, तेव्हा गोधडी बॅगेत भरणार होते. खोलीत गेले तर मनी तिच्यावर आडवी झालेली होती आणि शेजारी ओली, डोळे मिटलेली तीन पिल्लं. एकाच्या पाठीवर भुरा डाग होता. आई दारातून म्हणाली, "आता महिनाभर तिला हलवू नकोस हं." मी बॅगेची चेन लावली आणि मनीसाठी वाटीत दूध ओतायला गेले.